बोअर खोल, धोरण उथळ

मार्च उजाडला की बीड, लातूर, धाराशिव, सोलापूरच्या रस्त्यांवर बोअरच्या गाड्या दिसू लागतात. गाड्या जोडीने येतात. एकीवर मशीन, दुसरीवर पाइप आणि सामान. नंबरप्लेट पुष्कळदा तमिळनाडूची असते, कारण तिरुचेंगोडे या एका गावाने हा धंदा देशभर नेला आहे. गाडी शिवारात शिरते. पाणाड्या तळहातावर नारळ धरून जागा दाखवतो. मशीन धडधडू लागतं, धुरळ्याचा लोट उठतो. दोनशे फूट, काही नाही. तीनशे फूट, थोडी ओल. पाचशे फूट, पुन्हा कोरडं. मालक म्हणतो, आता आलोच आहोत तर अजून शंभर मारा.

या ‘अजून शंभर’ने महाराष्ट्राचं वाटोळं चालवलं आहे. पाणी खाली गेलं म्हणून आपणही त्याच्या मागे खाली गेलो, तर पाणी वाढत नाही. शेजाऱ्याचं, नदीचं आणि पुढच्या वर्षाचं पाणी यंदाच संपतं. याचा दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. त्याला खाली ढकलणारे वर बसले आहेत. कायदा, वीजदर, ऊसदर हे सगळे एकाच दिशेला ढकलतात.

०००

आधी खडक बघा. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या कातळावर, म्हणजे बेसॉल्टवर उभा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि थिजले. विहीर खणणाऱ्या कुणालाही त्यांचा क्रम पाठ असतो. वर माती, मग मुरूम, मग भेगाळलेला नाहीतर मांजऱ्या खडक, त्याखाली घट्ट काळा पाषाण. पाणी राहतं ते मुख्यतः वरच्या थरांत. गंगा-यमुनेच्या मैदानासारखे शेकडो फुटांचे वाळूचे थर आपल्याकडे नाहीत. आपलं पाणी उथळ आहे आणि थोडं आहे.

थोडं म्हणजे किती? देशात भूजलाचं मूल्यांकन ज्या निकषांवर होतं, त्यांत बेसॉल्टमध्ये पावसाचा साधारण ६ ते १४ टक्केच वाटा मुरतो असं धरलं आहे. मराठवाड्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला दहा टक्के मुरला तर ७० मिलिमीटर, म्हणजे एका हेक्टराला वर्षाकाठी सात लाख लिटर. एवढीच आपली कमाई.

आता खर्च बघा. मोकाट पाण्यावरच्या उसाला हेक्टरी दोन कोटी लिटरच्या घरात पाणी लागतं. त्यातलं पन्नास लाख लिटर पावसाने थेट भागवलं असं हात सैल सोडून धरू. उरलेलं दीड कोटी लिटर जमिनीतून काढायचं तर एकवीस हेक्टरांवर वर्षभरात मुरलेला पाऊस एका हेक्टराच्या उसात जातो. बाकीच्या वीस हेक्टरांवरच्या माणसांनी, गुराढोरांनी, ज्वारीने आणि तुरीने काय करायचं? याचं उत्तर उसाच्या कुठल्याही सभेत मिळत नाही.

घट्ट पाषाणाखाली पाणी अजिबात नसतं असं नाही. दोन लाव्हाथरांच्या सांध्यात, एखाद्या खोल भेगेत ते अडकलेलं असतं. ते साचायला फार काळ लागला आहे आणि पुन्हा भरायलाही तितकाच लागेल. शिवाय ते वरूनच झिरपून आलेलं असतं. खोल बोअर वरच्या थराला भोक पाडतो. शेजारच्या चाळीस फुटी विहिरीत काल उभं असलेलं पाणी त्या भोकातून खाली उतरतं. एका माठात दहा जणांनी नळ्या घातल्या म्हणून माठ मोठा होत नाही, तो लवकर रिकामा होतो. शेवटचा घोट सगळ्यांत लांब नळीवाल्याला मिळतो, आणि लांब नळी त्याची असते ज्याच्याकडे पैसा आहे.

गावात पाण्याची गरिबी अशी तयार होते. ज्याची विहीर आटली, तो कर्ज काढून बोअर घेतो. केसिंग, मोटर, केबल, पाइप धरून खोल बोअरचा खर्च सहज लाखाच्या पुढे जातो. पहिला फेल गेला तर दुसरा, दुसरा गेला तर तिसरा. पीक हाती लागण्याआधी कर्ज अंगावर बसतं. दुसऱ्या बाजूला आटलेल्या विहिरीच्या तळाशी आडवे बोअर मारून शेजारच्या बांधाखालचं पाणी ओढलं जातं. बांधावरून होणारी भांडणं आता बांधाखाली पोचली आहेत.

०००

नदीचंही ऐका. पावसाळा सरल्यावर नदीत जे वाहतं, ते झऱ्यांचं पाणी असतं. जमिनीत मुरलेला पाऊस हळूहळू पाझरत नदीला येऊन मिळतो, म्हणून पूर्वी ओढे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत वाहत. आता मराठवाड्यातला आणि माणदेशातला ओढा दिवाळीनंतर खडखडीत का होतो? कारण ओढ्याकडे निघालेलं पाणी वाटेतच पंप उचलून नेतात. नदी वाचवण्याच्या घोषणा करणाऱ्यांनी घाटावर फरशा बसवण्याआधी काठावरच्या गावांचे बोअर मोजावेत. जमिनीतलं पाणी उपसून संपवायचं आणि नदी वाहती हवी म्हणायचं, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

खोल पाण्याला आणखी एक किंमत आहे आणि ती पोरं मोजतात. खडकाच्या सहवासात दीर्घ काळ राहिलेलं पाणी खडकातली द्रव्यं घेऊन वर येतं. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे लहान मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात आणि मोठ्यांची हाडं, सांधे आखडतात. एकदा आखडलेलं हाड पूर्ववत होत नाही. गावाला पाणी दिलं असं सांगून फ्लोराइडचा बोअर सुरू ठेवणाऱ्या प्रत्येकाने ते पाणी आपल्या घरच्या मुलाला पाजता येईल का, याचा विचार करावा.

०००

हे एका रात्रीत झालं नाही. मोटेच्या काळात उपशाला आपोआप सीमा होती. साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटांची विहीर अठराव्या शतकातली, भव्य आणि देखणी, तरी तिथेही बैल थकत, नाडा झिजे आणि रात्री मोट थांबे. जनावराच्या ताकदीपुरतंच पाणी वर येई, आणि रात्रीच्या विसाव्यात विहीर पुन्हा भरून येई.

बोअर आपल्याकडे आला तो तहान भागवायला. साठ-सत्तरच्या दशकांत, विशेषतः १९७२ च्या दुष्काळाच्या सुमाराला, पिण्याच्या पाण्यासाठी कठीण खडकात भोकं पाडणारी यंत्रं गावोगाव पोचली. जालना आणि सोलापूर इथे मिशनऱ्यांच्या कामातून मजबूत हातपंप घडले. त्यांच्याच वाटेने पुढे ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप आला आणि तो जगभरच्या गरीब गावांत गेला. महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट आहे. हातपंपालाही मर्यादा होती, ती दांडा मारणाऱ्या बाईच्या दंडाची.

मग पाणबुडी मोटर आली आणि सगळ्या मर्यादा सुटल्या. तिला बैल लागत नाही, दंड लागत नाही, झोप लागत नाही. रात्री दोन वाजता वीज आली की ऑटोस्टार्टरवर मोटर आपली आपण सुरू होते. पाणी सरीत जातंय की ओढ्यात, हे बघायला शिवारात कुणी नसतं. तहानेसाठी आणलेलं तंत्र आपण उसाला जुंपलं. माणसाची ताकद शंभर पटींनी वाढली, खडकाची साठवण तेवढीच राहिली. आज निसर्गावर पडणाऱ्या सगळ्या ताणांचं मूळ या दरीत आहे.

०००

कायद्याकडे वळू. जमीन ज्याची, तिच्याखालचं पाणी त्याचं, ही समजूत १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातून आली. त्या काळी मोट होती. माणूस आपल्या विहिरीतून शेजाऱ्याचं पाणी ओढू शकेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पाणी सातबारा पाहून वाहत नाही. तरीही जमीनमालकाला खाली पाताळापर्यंत हक्क आणि भूमिहीनाला घोटभरही नाही, ही व्यवस्था आपण अजून चालवतो आहोत.

राज्याने प्रयत्न केले नाहीत असं नाही. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन आणलं. २००९ साली विधिमंडळाने भूजलाचा सर्वंकष कायदा केला, २०१४ मध्ये तो अमलात आला. ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींना आवर, बोअरच्या गाड्यांची नोंदणी, पाणलोटाच्या पातळीवर समित्या, सगळं त्यात आहे. नियमांचा मसुदा लोकांपुढे यायला २०१८ उजाडलं. कायदा कागदावर चांगला आहे. पण तुमच्या गावात पाचशे फूट बोअर मारताना गाडीवाल्याला नोंदणी दाखवायला कुणी सांगितल्याचं आठवतं का? दोनशे फुटांवर कुणी थांबवल्याचं? तलाठ्याला, ग्रामसेवकाला, पोलीस पाटलाला आवाज ऐकू येतोच, दोन शिवारं पलीकडे जातो तो. थांबवायची जबाबदारी कुणाची, हे गावात कुणालाच ठाऊक नाही. ज्या कायद्याचा पहारेकरी कोण हे लोकांना माहीत नाही, तो कायदा नसल्यातच जमा.

वीज घ्या. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात मोफत वीज आहे. कोरडवाहू शेतकरी कर्जात बुडाला आहे, त्याला मदत हवीच. पण ही मदत त्याच्यापर्यंत पोचत नाही. ज्याच्याकडे विहीर नाही, बोअर नाही, मोटर नाही, त्याला मोफत विजेचा काय उपयोग? जितकं जास्त उपसाल तितका मोठा लाभ, अशी ही रचना आहे. तोच पैसा एकरी थेट मदत म्हणून दिला, तर शेतकऱ्याचं घर चालेल आणि मोटर उगाच चालणार नाही. पंजाबने २०१८ मध्ये एक वाट चालून पाहिली. ठरलेल्या विजेपैकी जेवढी वाचेल, तेवढ्याचे पैसे शेतकऱ्याच्या खात्यात. आपण एका तालुक्यात तरी करून बघायला काय हरकत आहे? सौर पंपाचंही तसंच. डिझेलचा धूर जातो, रात्रीचं जागरण टळतं, हे चांगलंच. पण ऊन फुकट आहे म्हणून खडकातलं पाणी फुकट होत नाही. जिथे भूजल आधीच ओरबाडलं गेलं आहे, तिथे खोल बोअरवर सौर पंप बसवणं म्हणजे उपसा पंचवीस वर्षांसाठी पक्का करणं.

शेततळ्यांची कथा तर काळजाला लागते. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवण्यासाठी ही योजना. कित्येक ठिकाणी घडलं असं, की प्लास्टिक अंथरलेली मोठी तळी बांधली गेली आणि ती बोअरच्या पाण्याने भरली गेली. जमिनीखाली, उन्हापासून सुरक्षित असलेलं पाणी वर काढायचं, वैशाखाच्या उन्हात उघडं ठेवायचं आणि त्यातलं किती उडून जाईल ते बघत बसायचं. अभ्यासकांनी हे वेळोवेळी लिहून ठेवलं आहे. द्राक्ष आणि डाळिंबवाल्यांची अडचण खरी आहे, बाग जगवायची तर मे महिन्यात पाणी हाताशी हवं. पण जो आधी तळं भरतो तो सगळ्यांच्या वाट्याचं भरतो, आणि उरलेल्यांना जानेवारीतच टँकर लागतो. बोअरने शेततळं भरण्यावर बंदी घाला आणि ती पाळा. अनुदान सरकारचंच आहे, अट घालायला कुणाची परवानगी लागत नाही.

०००

आणि ऊस. राज्याच्या पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाच्या पाण्यातला वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास, हे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने दाखवून दिलं आहे. १९९९ मध्ये माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाने कमी पाण्याच्या प्रदेशात उसाला आवर घालायला सांगितलं. वीस वर्षांनी, २०१९ मध्ये, मराठवाड्याचे तेव्हाचे विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी मराठवाड्यातला ऊस आणि साखर कारखाने थांबवण्याची शिफारस सरकारला पाठवली. ऊस उभाच आहे.

एप्रिल २०१६ विसरलात? १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. नळाला पाणी नाही, मांजरा धरण कोरडं, बायका रात्रभर रांगेत. त्या पहिल्या गाडीतलं पाणी वरच्या हिशेबात घालून बघा. एका हेक्टर उसाला तशा चाळीस गाड्या लागतात. त्याच वर्षी परतीचा पाऊस आला, धरण भरलं आणि पुन्हा ऊस लागला. दुष्काळाने काही शिकवलं असेल, तर ते धोरणापर्यंत पोचलं नाही.

शेतकरी ऊस का लावतो, हेही सरळ बोलू. उसाला २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) ठरलेली आहे आणि ती देणं कारखान्यावर बंधनकारक आहे. तूर, हरभरा, ज्वारी, करडईला हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावात माल उचलला जाईल याची खात्री नाही. गारपीट झाली तरी ऊस उभा राहतो, तूर झोपते. अशा वेळी कोणताही शहाणा माणूस ऊसच लावेल. म्हणून उसाविरुद्ध भाषणं करण्याआधी तुरीची खरेदी पक्की करा. रेशनच्या दुकानात आणि शाळेच्या पोषण आहारात ज्वारी, बाजरी, डाळ जिल्ह्यातून विकत घ्या. शेतकरी दोन हंगामांत पीक बदलून दाखवेल.

इथेनॉलला सध्या हिरवं इंधन म्हणून मान आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के मिश्रणाचं लक्ष्य २०३० वरून अलीकडे ओढून २०२५ वर आणलं. नीती आयोगाच्याच अहवालात लिहिलेलं आहे की उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. धूर कमी करायचा आणि खडक कोरडा करायचा, यात पृथ्वीचं काही वाचत नाही. एका ठिकाणचं ओझं दुसऱ्या ठिकाणी सरकवलेलं असतं. पाणी मुबलक आहे तिथल्या उसाचं इथेनॉल करा. टँकरच्या गावांच्या भरवशावर देशाची गाडी चालवू नका.

ठिबकचं काय, असं कुणी विचारेल. ठिबक उत्तम आहे, जरूर करा. पण ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस वाढवला, तर खडकाच्या खात्यात एक थेंबही परत जात नाही. बचत तीच, जी जमिनीत राहते.

शहरवाल्यांनी गावाकडे बोट दाखवून मोकळं होऊ नये. पुण्याच्या भोवती नव्या वसाहती नळाआधी उभ्या राहतात आणि टँकरवर जगतात. टँकर कुठे भरतो? जवळच्या कुठल्यातरी शेतातल्या विहिरीवर, बोअरवर. सोसायटीचं अंगण काँक्रीटने लिंपलेलं, पावसाचं पाणी गटारात, आणि मे महिन्यात पाचवा बोअर मारायची सभा. पाऊस मुरवण्याची सोय नकाशात दाखवली जाते. ती चालू आहे का, हे पावसाळ्यात छतावर जाऊन तुम्हीच बघा आणि नसेल तर पुढच्या सभेत पहिला विषय तोच घ्या.

०००

आता थोडं गावाबाहेर. भूजल उपसण्यात भारत जगात पहिला आहे. जगात जेवढं भूजल उपसलं जातं त्याच्या जवळपास चौथा हिस्सा एकट्या आपला. २०२३ च्या राष्ट्रीय मूल्यांकनात वर्षाचा उपसा सुमारे २४१ अब्ज घनमीटर निघाला आणि त्यातलं ८७ टक्के सिंचनाचं होतं. पंजाबात तर जेवढं उपसायला हरकत नाही त्याच्या दीडपटीहून अधिक उपसा चालतो.

याचा परिणाम कुठवर जातो? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने हिशेब मांडला की १९९३ ते २०१० या काळात जगभरातून सुमारे २,१५० अब्ज टन भूजल उपसून निघालं आणि अखेर समुद्राला मिळालं. समुद्राची पातळी त्याने सहा मिलिमीटरने चढली. एवढं वजन जागचं हललं म्हणून पृथ्वीच्या परिवलनाचा ध्रुव सुमारे ८० सेंटीमीटर सरकला. या हालचालीत वायव्य भारतातल्या उपशाचा वाटा मोठा आहे. मोटर सुरू करणाऱ्या हाताने पृथ्वीचा आस हलतो, हे विज्ञानाने मोजून सांगितलं आहे. पृथ्वीच्या सोसण्याच्या नऊ मर्यादा शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मांडल्या. २०२३ पर्यंत त्यांतल्या सहा ओलांडल्या गेल्या होत्या आणि गोडं पाणी त्यांतलंच एक.

कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात उपशामुळे काही ठिकाणी जमीन पन्नासेक वर्षांत अठ्ठावीस फूट खचली. जकार्ता खचतं आहे, मेक्सिको सिटी खचतं आहे. तिथे गाळाचे थर दबतात, भिंतींना तडे जातात, लोकांना नुकसान डोळ्यांनी दिसतं. आपला कातळ खचत नाही. घरं सरळ उभी राहतात, रस्ते सपाट राहतात आणि खाली सगळं रिकामं होतं. म्हणूनच आपल्याला मोजत राहणं भाग आहे. जे दिसत नाही, त्याचा हिशेब ठेवला नाही तर ते संपल्याचंही उशिरा कळतं.

०००

उपाय आहेत आणि ते याच मातीत झाले आहेत. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम कुठल्याही विद्यापीठाने शिकावा असा आहे. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर मिळणार. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाणी विकता येणार नाही. ऊस नाही. १८८२ च्या कायद्याला जे सुचलं नाही, ते दुष्काळी पुरंदरच्या माणसांनी करून दाखवलं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार आणि गावकरी दरवर्षी पडलेला पाऊस मोजतात, ताळेबंद मांडतात आणि मग रब्बीला काय लावायचं ते ठरवतात. पाऊस कमी झाला की पीक बदलतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावाने हे केलं, आणि पोट भरायला बाहेर गेलेली कुटुंबं परत आली. साताऱ्यातल्या रणदुल्लाबादनेही सिंचनासाठी बोअर न घेण्याचं ठरवलं आणि विहिरी जपल्या. या गावांत वेगळा खडक नाही, वेगळा पाऊस नाही. तिथे लोकांनी एकत्र बसून स्वतःला ‘नाही’ म्हटलं, आणि हे ‘नाही’ सर्वांना सारखं लागू केलं.

सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेत नाले खोल झाले, बंधारे झाले, गावोगाव लोकांनी श्रमदानात घाम गाळला. त्या घामाला माझा नमस्कार आहे. पण पाणी अडवायला आणि जिरवायला शंभर हात येतात, उपसा थांबवायला कुणी येत नाही. अडवलेलं पाणी पहिल्याच वर्षी नव्या बोअरने उचललं तर गावाच्या घामाचं फळ दोन-चार घरांत जातं.

म्हणून मागणी थेट आहे. साठ मीटरचा नियम पाणी ओरबाडल्या गेलेल्या प्रत्येक तालुक्यात लागू करा आणि तो पाळण्याची जबाबदारी एका नावानिशी अधिकाऱ्यावर टाका. नोंदणी नसलेली बोअरची गाडी जप्त करा. मोफत विजेचा पैसा एकरी मदतीत वळवा. तूर-ज्वारीची खरेदी पक्की करा आणि कमी पावसाच्या तालुक्यांत नव्या साखर कारखान्याला, वाढीव गाळपाला परवानगी देऊ नका. अटल भूजल योजनेत गावांनी पाण्याचे ताळेबंद केले. ते पंचायतीच्या भिंतीवर रंगवून थांबू नका, पीक त्यावर ठरवा.

आणि गावाने वाट बघू नये. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. हे आकडे लोकांच्या पैशातून येतात, ते मागून घ्या. ऑक्टोबरात ग्रामसभेत मांडा. यंदा किती मुरलं, पिण्याला आणि जनावरांना किती, उरलं त्यात कुठलं पीक, हे सगळ्यांसमोर ठरवा. ज्याच्याकडे विहीर नाही त्यालाही या ठरवण्यात बसवा, पाणी त्याचंही आहे. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: आमच्या तालुक्यात दोनशे फुटांखाली जाणं कधी बंद करणार? तारीख घ्या, लिहून घ्या. ती तारीख उलटली, तर पुढच्या वेळी मत देऊ नका.